पायांच्या डॉक्टरकडे प्रथमच जातांना

दांत किडला तर दांतांचे डॉक्टर, अंधुक दिसूं लागलें तर डोळ्यांचे डॉक्टर, हें आतां घरोघर अंगवळणीं पडलें आहे. पायांच्या बाबतींत मात्र आपली समजूत अद्याप अशी कीं, पायाचें दुखणें म्हणजे कांहीं खरें दुखणें नव्हे. टाच दुखली तर विटकरीचा शेक, भेगा पडल्या तर आमसुलाचें तेल, कुरूप झालें तर दाढीचें पातें; एवढ्यावर आपलें पायांचें वैद्यक संपतें. वडील मंडळींच्या पायांवर आपण सणासुदीस डोकें ठेवतों. पण त्यांचे तळवे शेवटचे केव्हां पाहिले, असा प्रश्न कोणीं केला तर बहुतेकांस उत्तर देतां येणार नाहीं. मलाहि आलें नसतें.

माझी वडील बहीण, आमची अक्का, ७१ वर्षांची आहे. तिला १८ वर्षें मधुमेह आहे. रोज सकाळीं कॅन्व्हासचे बूट घालून ती फिरावयास जाते व या नेमाचा तिला सार्थ अभिमान आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एके दिवशीं ती दीड तास फिरून आली, ओटीवर बसून तिनें बूट काढले, आणि उजव्या बुटांतून एक चिंचोका टपकन खालीं पडला. नातवंडांच्या आदल्या संध्याकाळच्या खेळांतला तो. पाहतों तों मोजा तळव्याशीं ओला झालेला, आणि चवड्याखालीं रुपयाएवढा फोड येऊन फुटलेला. "अगं, दुखलें कसें नाहीं तुला?" मीं विचारलें. "छे, मुळींच नाहीं," असें ती म्हणाली, आणि तेंहि जरा तोऱ्यानेंच. तिच्या मतें तें सोशीकपणाचें लक्षण होतें. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांना मात्र नेमकी तीच गोष्ट आवडली नाहीं. त्यांनीं जखम स्वच्छ करून पट्टी बांधली आणि दुसऱ्याच दिवशीं पायांच्या तज्ज्ञाकडे जाण्यास बजावलें. "दुखत असतें तर मी इतकी घाई केली नसती," हे त्यांचे शब्द.

त्या एका रात्रींत आम्हांस जी तयारी करावी लागली, आणि जी करावयास हवी होती पण आम्हांस ठाऊक नसल्यामुळें राहिली, ती येथें सांगतों. ज्या घरांत मधुमेही माणूस आहे, आणि हल्लीं तें नाहीं असें घर विरळाच, त्या घरास तिचा उपयोग होईल.

पहिला प्रश्न, जावयाचें कोणाकडे? इंग्लंड-अमेरिकेंत केवळ पायांची चिकित्सा करणाऱ्यांचा एक स्वतंत्र व्यवसायच आहे. पूर्वीं त्यांना किरॉपॉडिस्ट म्हणत, आतां पोडायट्रिस्ट म्हणतात. अमेरिकेंत त्यांची स्वतंत्र पदवी असून ते पायांवर शस्त्रक्रियाहि करतात. आपल्याकडे हा वर्ग फार थोडा आहे, म्हणून काम निरनिराळ्या हातांत वांटलें गेलें आहे. टाचदुखी, वांकडा होत चाललेला अंगठा, सपाट तळवा यांसाठीं अस्थिरोगतज्ज्ञ. चिखल्या, चामखीळ, नखांची बुरशी यांसाठीं त्वचारोगतज्ज्ञ. चालतांना पोटरींत गोळा येऊन थांबावें लागतें आणि थांबतांच बरें वाटतें, तर रक्तवाहिन्यांचे शस्त्रवैद्य. मधुमेह्यानें मात्र आपल्या मधुमेहतज्ज्ञाकडे अगर मोठ्या रुग्णालयांत मधुमेही पायांसाठीं जो खास विभाग असतो तेथें जावें. अशा माणसानें पाय दुखण्याची वाटच पाहावयाची नसते. प्रौढपणीं होणारा मधुमेह निदानास येतो त्याच वर्षीं, आणि पुढें वर्षांतून निदान एकदां, पायांची तपासणी व्हावयास हवी. अक्काच्या १८ वर्षांत ती एकदांहि झाली नव्हती. साखर दर महिन्याला मोजली जात होती. पायमोजे काढा, असें कोणीं म्हटलें नव्हतें आणि आम्हीं आपण होऊन काढले नव्हते.

आतां तयारी. कागदपत्रें कोणीहि नेतो, म्हणून त्यांविषयीं थोडक्यांत. गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारा एचबीएवनसीचा अहवाल, मूत्रपिंडांचा व डोळ्यांच्या पडद्याचा अहवाल, चालू औषधांची यादी, आणि पूर्वीं पायाला कधीं जखम, हाडमोड वा शस्त्रक्रिया झाली असल्यास तिचें साल. तंबाखूचा उल्लेख लपवूं नये. सिगारेट ओढणारे चटकन सांगतात, पण मिश्री लावणाऱ्या वृद्ध स्त्रियांना आपण तंबाखू घेतों असें वाटतच नाहीं. रक्तवाहिन्यांना हा भेद कळत नाहीं.

कागदांपेक्षां अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे वापरांतले जोडे. आम्हीं येथें चुकलों. डॉक्टरांकडे जावयाचें म्हणून अक्कानें दिवाळींत घेतलेल्या, जेमतेम दोनदां घातलेल्या चपला पायांत घातल्या, आणि ज्या बुटांनीं हा प्रकार घडविला ते घरींच राहिले. डॉक्टरीणबाईंनीं पहिली मागणी केली ती त्यांचीच. झिजलेला तळ पुष्कळ सांगतो. टाच बाहेरच्या कडेस थोडीशी झिजणें हें साधारण. पण एकच जोडा अधिक झिजला असेल, अगर आंतल्या कडेचा तळ खलास झाला असेल, तर चालण्यांत कांहीं दोष आहे असें समजावें. जोड्याच्या आंत हात घालून वर आलेली शिवण, खिळ्याचें टोंक, चुरगळलेलें अस्तर यांचा शोध घेतां येतो. तेव्हां बाहेरचे, घरांतले आणि न्हाणीघरांतले असे सर्व जोडे, असतील तसे, एका पिशवींत घालून न्यावे. लाज वाटूं देऊं नये.

पाय कसे न्यावे, हेंहि सांगावयास हवें. धुवून, आणि बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करून न्यावे. परंतु सजवून नेऊं नयेत. तेल, हळद, मलम, नखांवरचा रंग यांनीं त्वचेचा व नखांचा खरा वर्ण झांकला जातो. आदल्या रात्रीं घट्टे घासणें, कुरूप कापणें, नखें खोल काढणें हें तर मुळींच करूं नये; तीच डॉक्टरांना पाहावयाचीं असतात, आणि पात्यानें झालेली नवी जखम ही आणखी एक अडचण होते. बाजारांत कुरुपावर लावावयाच्या पट्ट्या मिळतात, त्यांत सॅलिसिलिक आम्ल असतें. मेलेली कातडी आणि जिवंत कातडी यांतला फरक त्या आम्लाला समजत नाहीं. मधुमेह्यानें त्यांच्या वाटेस जाऊं नये.

जोडव्यांचा प्रश्न स्त्रियांनाच कळेल. अक्काचीं जोडवीं गेल्या कित्येक वर्षांत निघालीं नव्हतीं आणि बोटें सुजल्यामुळें रुतलीं होतीं. आदल्या रात्रीं साबण लावून एक निघालें, दुसरें निघेना. सौभाग्याची खूण म्हणून ती तें कापूं देईना. शेवटीं आमचे मेहुणे, जे सहसा कशांतच बोलत नाहींत, ते म्हणाले, "मी धडधाकट इथें बसलों आहें, तें पुरेसें नाहीं का?" मग सकाळीं सोनाराकडून तें कापून घेतलें. खालच्या कातडीवर पांढरा, ओलसर, दुर्गंध येणारा पट्टा होता. तेथें बुरशी वाढत होती आणि तीहि तिला जाणवली नव्हती.

आणखी एक. अशा दिवशीं उपास करूं नये. अक्काची त्या दिवशीं चतुर्थी होती. मधुमेहाचें औषध घ्यावयाचें, वर उपास, आणि त्यांत दवाखान्यांतली दोन तासांची प्रतीक्षा. साखर एकदम उतरून घाम फुटण्यास एवढें पुरे होतें. नेहमींचें खाणें, नेहमींचीं औषधें, आणि जवळ साखरेच्या वड्या, हा नियम. गणपतीची समजूत आम्हीं पुढच्या चतुर्थीला घातली.

आपल्या तक्रारीचें टिपण घरींच करावें, कारण डॉक्टरांसमोर बसलें कीं आठवत नाहीं. दुखणें केव्हां होतें, हें कोठें होतें याइतकेंच महत्त्वाचें असतें. सकाळीं अंथरुणावरून उठून टाकलेलीं पहिलीं चार पावलें सुई टोंचल्यासारखीं दुखत असतील आणि मग हळूहळू सुसह्य होत असतील, तर बहुधा टाचेपासून चवड्यापर्यंत गेलेला तळव्याचा जाड पट्टा दुखावलेला असतो. रात्रीं पांघरुणाचा स्पर्शहि सहन होऊं नये अशी आग होणें, मुंग्या येणें, किंवा कापसावर चालल्यासारखें वाटणें, हा मज्जातंतूंचा प्रकार. अक्काला हें कापसाचें विचारलें तेव्हां ती म्हणाली, "तसें तर चार वर्षें वाटतें. मला वाटलें, बूट चांगले आहेत."

तपासणी स्वतः अगदींच निरुपद्रवी असते. भीति बाळगण्यासारखें तींत कांहीं नाहीं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनीं अक्काला उंच कोचावर बसविलें, स्वतः खालीं स्टुलावर बसल्या आणि तिचा पाय सरळ मांडीवर घेतला. अक्कानें झटकन पाय ओढून घेतला. "अगं, पायांना कुठें हात लावतेस बाई!" वयानें मोठ्या माणसाच्या पायांना नमस्कारावांचून कोणीं हात लावावा, ही कल्पनाच तिला पटेना. "आजी, मग नमस्कारच समजा," असें बाई म्हणाल्या. अक्काच्या तोंडून संवयीनें "औक्षवंत हो" निघालें आणि पाय जागेवर आला. ही भीड आपल्या घरांतल्या अनेक वृद्धांस असते, आणि तिच्यापायीं कित्येक जखमा लुगड्याच्या काठाखालीं नाहीं तर धोतराच्या सोग्याखालीं लपून राहतात. बरोबर जाणाऱ्यानें ती आधींच ध्यानांत घेऊन दोन शब्द बोलून ठेवावे.

प्रथम नुसतें पाहणें: बोटांच्या बेचक्या, नखें, टाचेच्या भेगा, घट्टे. मग दोन नाड्या, एक पावलाच्या माथ्यावर व दुसरी आंतल्या घोट्याच्या मागें. त्या नीट लागल्या नाहींत तर घोट्याशीं व दंडाशीं रक्तदाब मोजून त्यांचें प्रमाण काढतात. घोट्याचा दाब दंडाच्या दाबाच्या नऊ दशांशांहून कमी भरला तर पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असाव्या असें मानतात. मधुमेह्यांच्या रक्तवाहिन्या कधीं कधीं इतक्या कडक झालेल्या असतात कीं हा आंकडा खोटाच चांगला येतो. म्हणून एवढ्या एकाच आंकड्यावर तज्ज्ञ विसंबत नाहींत. नंतर सेकंदास १२८ कंपनें पावणारा नादकांटा अंगठ्याच्या हाडावर टेंकवून थरथर जाणवते का, तें विचारतात.

सर्वांत साधें पण सर्वांत बोलकें साधन म्हणजे एका दांड्याला लावलेला नायलॉनचा धागा. तो तळव्यावर टेंकवून दाबतात. १० ग्रॅमचा भार होतांच तो वांकतो, अधिक भार पडूंच शकत नाहीं. एवढा स्पर्श ज्याला कळत नाहीं, त्याच्या पायाचें स्वसंरक्षण गेलें असें समजतात. या धाग्याचा पूर्वज मोठा गमतीचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फॉन फ्राय नांवाच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनीं घोड्याचे केस काड्यांना चिकटवून कातडीची स्पर्शशक्ति मोजली होती. केसाच्या जागीं नायलॉन आणला तो जोसेफिन सेम्स व सिडनी वाइनस्टाइन यांनीं, १९६० च्या सुमारास. त्यांचा विषय होता मेंदूला इजा झालेल्या माणसांची स्पर्शशक्ति. पायांच्या तपासणींत तो त्यानंतर आला.

ही परीक्षा देतांना खरें बोलावें लागतें, आणि तें वाटतें तितकें सोपें नाहीं. अक्काचे डोळे मिटविले होते. बाई विचारीत, "आतां लागतें का?" आणि अक्का दर खेपेस, "हो, लागलें." मी समोर उभा राहून पाहत होतों, दोनदां तर धागा पायाला लावलाच नव्हता! परीक्षक मुद्दाम असें करतात. तिला खोटें बोलावयाचें नव्हतें; एवढी शिकलेली मुलगी आपल्यासाठीं खपते आहे, तिला "नाहीं" कसें म्हणावें, असा तो सौजन्याचा भाग होता. समजावून सांगितल्यावर दुसऱ्या फेरींत ती गप्प बसूं लागली. उजव्या पायावर एकाहि ठिकाणीं तिनें "हो" म्हटलें नाहीं. त्या खोलींतली ती शांतता मला अजून आठवते. डोळे उघडून तिनें विचारलें, "लावला नाहींस ना गं अजून?"

बधिर पाय म्हणजे काय, हें जगाला नीट समजलें तें आपल्याच देशांत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ सालीं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत आले. महारोग्यांचीं बोटें रोगानें झडतात, असा तोंवर सर्वत्र समज होता. ब्रँड यांनीं दाखविलें कीं, रोग मज्जातंतू बधिर करतो. बोटें जातात तीं न कळलेल्या इजांनीं, पुनःपुन्हां होणाऱ्या चटक्यांनीं, घर्षणानें आणि खिळ्यांनीं. ज्याला दुखत नाहीं तो लंगडत नाहीं, आणि जो लंगडत नाहीं तो जखमेवरच पाऊल टाकीत राहतो. पुढें १९६६ पासून अमेरिकेंत कारव्हिल येथें काम करतांना मधुमेह्यांच्या पायांनाहि हाच न्याय लागू पडतो, हें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखवून दिलें. अशा बधिर पायांसाठीं आपल्याकडे एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ तळाच्या चपला करूं लागले. त्याच आज मधुमेह्यांना देतात. टाचेमागें पट्टा असतो आणि अंगठा धरून ठेवणारी वादी नसते, कारण बधिर पायांतून सुटलेली चप्पल कळत नाहीं व वादी बेचकींत घासते. कोल्हापुरी वहाण या दृष्टीनें बाद. दवाखान्याबाहेर आल्यावर अक्कानें हलक्या आवाजांत विचारलें, "म्हणजे महारोग्यांच्या चपला घालायच्या का रे मीं?" मीं होय म्हटलें. ती पुढें कांहीं बोलली नाहीं; पण चपला आल्यावर आठवडाभर त्या खोक्यांतच होत्या, हें लपविण्यांत अर्थ नाहीं.

एका धोक्याविषयीं मात्र थोडें विस्तारानें लिहिणें भाग आहे. मधुमेह्याचा एक पाय अकस्मात सुजला, लाल झाला, दुसऱ्या पायाहून हाताला गरम लागूं लागला, आणि त्या मानानें दुखणें बेताचेंच असलें, तर "मुरगळला असेल" म्हणून कोणींहि तो चोळूं नये. पॅरिसचे डॉ. शार्को यांनीं १८६८ सालीं मज्जारज्जूच्या एका रोगांत सांधे असे निकामी होतात, हें वर्णिलें. मधुमेहाशीं त्याचा संबंध १९३६ मध्यें जॉर्डन यांनीं दाखविला. एका पावलांत २६ हाडें असतात. या विकारांत तीं आंतल्या आंत ठिसूळ होऊन खचूं लागतात, आणि आरंभीं क्ष-किरण चित्रांत कांहींच न दिसण्याचाहि संभव असतो. उपाय एकच: त्या पायावर भार न टाकणें आणि तो साच्यांत बांधून ठेवणें, तेंहि महिनेच्या महिने. आमच्या परिचयांतील एका गृहस्थांनीं असा पाय तीन आठवडे तेल लावून चोळून घेतला, वर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक. त्यांच्या तळव्याची कमान मोडून तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर आला. ते अजून आहेत, पण चालणें संपलें.

गरम पाण्याच्या पिशवीची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. बधिर पायाला शेक देणाऱ्यास तो किती गरम आहे हें कळत नाहीं. कातडी भाजते आणि माणूस झोपलेला असतो. पाणी पाहावयाचें तें पायानें नव्हे, कोपरानें. काशाची वाटी तूप लावून तळव्यांस चोळणें सुखाचें आहे खरें, पण जखमेवर, भेगेवर किंवा सुजेवर नको. अनवाणी चालणें घरांतहि नको. मे महिन्यांत दुपारीं देवळाच्या दगडी फरसबंदीवरून प्रदक्षिणा घालून तळवे भाजून घेणारे कांहीं थोडे नाहींत. पहांटे जावें, नाहींतर जाड मोजे घालावे. मोजे घातलेल्या भक्ताला कोणा देवानें परत पाठविल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

निघतांना डॉक्टरांस चार गोष्टी अवश्य विचाराव्या आणि लिहून घ्याव्या: माझा पाय कितपत धोक्यांत आहे, पुन्हां केव्हां येऊं, पट्टी कोणीं व कशी बदलावयाची, आणि कोणतें लक्षण दिसतांच रात्रीअपरात्रीं धांवत यावयाचें. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस मिळालें तें असें: जखमेभोंवतीं पसरत जाणारी लाली, काळी पडणारी कातडी, दुर्गंध, अगर ताप. नवे जोडे संध्याकाळीं घ्यावे, कारण तोंवर पाय सुजून पुरते भरलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढें अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा राहावी. नखें सरळ आडवीं कापावीं, कोपऱ्यांत शिरूं नये.

अक्काची जखम भरून यावयास सात आठवडे लागले. तेवढे दिवस फिरणें बंद होतें, आणि त्याचा तिला जखमेपेक्षां जास्त त्रास झाला. आतां रोज रात्रीं जेवणें झाल्यावर तिचा धाकटा नातू तळवे पाहतो, बेचक्या उघडून बघतो, आणि शंका आली तर मोबाइलवर छायाचित्र काढून आपल्या आईला दाखवितो. सकाळीं बाहेर पडण्यापूर्वीं अक्का नवे बूट उपडे करून ओटीच्या कडेवर दोनदां आपटते आणि मग आंत हात फिरवून पाहते. गेल्या महिन्यांत एके दिवशीं त्यांतून पुन्हां चिंचोका पडला. तिनें कोणाला रागें भरलें नाहीं. तो उचलून तिनें देवघराच्या फळीवर, उदबत्तीच्या घराशेजारीं ठेवला आहे.